तहानेचं शरबत

३ मार्च २०२५

हरिदास,

तू बोलता बोलता फोन ठेवलास, आणि तेव्हापासून माझा नंबर तुझ्याकडे लागत नाही. गोपिका म्हणाली, "फोनवर तुमचं दोघा भावायचं डोकं तापते. लिहून पाठवा. कागद अर्ध्यात तोडता येत नाई." म्हणून लिहितो आहे. जाम गावाकडे जाणाऱ्या भाजीच्या गाडीवाल्याजवळ देईन, तो तुझ्या हॉटेलच्या काउंटरवर ठेवेल. कामाची गर्दी ओसरली की वाच.

आधी तुझ्या गुंजनचं सांगतो. ती बरी आहे, जेवते, शाळेत जाते. तू तिला काही बोलला नाहीस, जे बोललास ते मॅडमना. पण पोरगी ऑफिसच्या खिडकीखाली उभी होती. संध्याकाळी तिनं मला विचारलं, "मोठेबाबा, मी काय चुकली?" मी म्हटलं, तू काही चुकली नाहीस. तर म्हणते, "मंग बाबा काऊन चिल्लावून राह्यले होते?" मी तिला गोपिकेकडे जेवायला पाठवलं.

झालं ते तुलाही माहीत आहे, तरी माझ्या बाजूनं लिहितो. वर्षाली मॅडमनी स्नेहसंमेलनात सगळ्या धर्मांचं एक नाटुकलं बसवलं. कुणाच्या वाट्याला नाताळ आला, कुणाच्या वाट्याला दिवाळी, आपल्या गुंजनच्या वाट्याला ईद. हिरवी ओढणी घेऊन तिनं सतरंजीवर नमाज पढून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मोबाईलवर ते उतरवलं आणि दोन दिवसांत ते जामपर्यंत पोचलं. मग तू मोटारसायकलवर आलास. "माह्या पोरीले नमाज पढवाले ठेवलं का मी इथी?" असं मॅडमना म्हणालास. आणि सगळ्यांसमोर मला म्हणालास, "तू अध्यक्ष आहेस ना शाळा समितीचा? मंग ठराव घे. दुसऱ्याचा धर्म ह्या शाळेत शिकवाचा नाई. नाई तं परीक्षा झाली का पोरीचा दाखला नेतो."

मी गप्प राहिलो. मी मॅडमच्या बाजूचा आहे असं त्यावरून तुला वाटलं. तसं नाही. मला ते नाटुकलं आवडलं नव्हतं, फक्त माझं कारण वेगळं आहे. मी रोज सकाळी विहिरीवरची मोटार सुरू करण्याआधी देवापुढे उभा राहतो, चतुर्थीला केळझरच्या गणपतीला जातो. उद्या कुणी म्हटलं, श्रावणभाऊ, स्टेजवर या आणि देवापुढे कसे उभे राहता ते दाखवा, तर माझा पाय उचलणार नाही. मग दुसऱ्याचं देवापुढचं वाकणं आपल्या पोरीनं टाळ्यांसाठी का करून दाखवावं? हे मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं.

पण तू सांगतोस तो ठराव मी घेणार नाही. का, ते पुढच्या पत्रात लिहितो. गाडीवाला हॉर्न वाजवतो आहे.

दाखल्याची घाई करू नको. तुमच्या हॉटेलच्या धावपळीमुळे पोरगी पहिलीपासून आमच्याकडे आहे. गोपिकेला तिच्याशिवाय स्वयंपाकाचा अंदाज येत नाही.

श्रावण


१५ मार्च २०२५

हरिदास,

मागच्या कागदाचं उत्तर आलं नाही. गाडीवाला म्हणाला, तू तो खिशात ठेवलास. तेवढंही पुरे.

मी मॅडमशी बोललो. माझ्या मनात होतं ते सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "भाऊ, करून पाहिलं की मुलांच्या लक्षात राहतं. मी पाढेसुद्धा तसेच शिकवते, उड्या मारत."

मी म्हटलं, "मॅडम, पाढा कोणाचा नसतो. नमाज कोणाचा तरी असतो."

मग त्यांनी कपाटातून मुलांच्या चाचणीचे पेपर काढले. त्यांचा एक प्रश्न होता, मोहरम कोणत्या धर्माचे लोक पाळतात? आपल्या गावच्या जवळजवळ सगळ्या पोरांनी एकच उत्तर लिहिलं होतं: मोहरम हा श्रावणभाऊंच्या घरचा देव आहे. मॅडमना वाटलं, पोरांनी एकमेकांचं पाहून लिहिलं. त्यांनी सगळ्यांना चूक दिली होती.

मला हसू आलं, मग हसू थांबलं. मॅडम अमरावती शहरातल्या, त्यांना काय माहीत? मला सगळं सांगावं लागलं. आपल्या गावात मुसलमानाचं एकही घर नाही, पण आज्यापासून आपल्या ओसरीत मोहरमची सवारी बसते. काठीवर पितळेचा पंजा, त्याला कापड, पुढे लोबान. सारं गाव नारळ आणतं, नवस बोलतं, मलिदा खातं, शरबत पितं. दहाव्या दिवशी आपण तिला वाजतगाजत नाल्यावर नेऊन ठंडी करतो, म्हणजे विसर्जन. मॅडमनी विचारलं, "पण भाऊ, ते नेमकं कशासाठी?" मी म्हटलं, "हसन-हुसेनचं आहे." त्या म्हणाल्या, "म्हणजे काय?" मी म्हटलं, "असते तसं."

अध्यक्ष मी, सवारीवाला मी, आणि उत्तर हे. पोरांनी तरी दुसरं काय लिहावं?

तुला सवारी बंद व्हायला हवी आहे, हे मला माहीत आहे. आई गेल्यापासून तू मोहरमला गावात आलेला नाहीस. तो वाद आज नको.

समितीची बैठक झाली. ठिबकची एजन्सी घेतलेले आपले रूपराव म्हणाले, "धर्म घरी, गणित शाळेत. कटकटच नाई." पुष्कळांनी माना हलवल्या. मी विचारलं, "घरी कोण सांगते, रूपराव? तुम्ही सांगता?" ते म्हणाले, "मले कुठी टाइम आहे!" मग मी म्हटलं, आपल्याला टाइम नाही, म्हणून पोरं मोबाईलमधून शिकतात, आणि मोबाईल काय शिकवतो ते आपण पाहून राह्यलो. शेवटी मॅडमनी सुचवलं, ज्याचा धर्म आहे त्यालाच बोलावू. वेश नाही, नाटक नाही. माणूस येईल, सांगेल, पोरं विचारतील. मी सेलूच्या हबीबभाईंचं नाव घेतलं. बाबांच्या वेळेपासून आपला माल त्यांच्या आडतीवर जातो, आणि माणूस पाच वेळा नमाज पढणारा. रूपराव लगेच म्हणाले, "पाहा बरं, तो पोट्ट्यायले धर्म सांगन का टमाटरचा भाव?"

आठवते का तुला, शाळेच्या सहलीत आपण सेवाग्रामला गेलो होतो? संध्याकाळच्या प्रार्थनेत सगळ्या धर्मांचं एकामागून एक म्हणत होते. तू माझ्या कानात म्हणालास, "दादा, सगळ्यायचे देव येऊन गेले का? कवा संपते?" गुरुजींनी तुझा कान धरला. ती प्रार्थना चांगलीच होती. पण कोणाचं काय चाललं आहे ते आपल्याला कळलं नव्हतं, आणि नंतरही कुणी सांगितलं नाही.

हबीबभाई गुरुवारी येतील. तू ये. मागच्या बाकावर बस. काही वावगं वाटलं तर तिथंच उभा राहून बोल.

श्रावण


२३ मार्च २०२५

हरिदास,

तू आला नाहीस. बरंच झालं असं मी दोन दिवस म्हणत होतो. आता तसं वाटत नाही.

हबीबभाई पांढरा सदरा घालून आले, पोरांसाठी केळीचा घड घेऊन. रमजान चालू आहे, त्यांचा रोजा. आपण पाहुण्याला देतो तसं गुंजननं पाण्याचा गडवा-ग्लास पुढे केला. ते म्हणाले, "रख दे बेटी. सामने रहने दे. पाणी समोर असताना नाही प्यायचं, हाच रोजा." मग पोरांनी जी सुरुवात केली!

"पाणी बी नाई?"

"पाणी बी नाही."

"मंग थुंकी गिळली तं?"

"थुंकी चालते, बेटा. माणूस किती थुंकीन?"

"आन् लपून पेलं तं कोणाले समजते?"

"त्याले समजते ना," असं म्हणून त्यांनी वर बोट केलं.

चौथीतलं एक पोरगं म्हणालं, "माह्या मायचा उपास असते तं ते साबुदाना खाते, शेंगदाने खाते, आलू खाते. तुम्ही आलू बी नाई खात?"

"नाही खात. पण संध्याकाळी तुझ्या मायपेक्षा जास्त खातो." वर्ग हसला. मॅडमही हसल्या.

पुढे ते फरिश्त्यांचं सांगत बसले. ते लांबलं, मागची पोरं चुळबुळायला लागली, एक झोपलं. ते काही मास्तर नाहीत. पण नमाज का, जकात का, त्यांच्या देवाची मूर्ती का नाही, हे त्यांनी आपल्या पोरांना समजेल असं सांगितलं. कुणाला काही म्हणायला लावलं नाही. मी मनात म्हणत होतो, हरिदास इथं असता तर त्याचा राग निवला असता.

तेवढ्यात गुंजन उभी राहिली. "चाचा, मोठेबाबाच्या सवारीले तुम्ही काऊन नाई येत?"

हबीबभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सांगा म्हणून. मला वाटलं, ते म्हणतील, बेटी, आडतीचं काम असतं. पण ते म्हणाले, "आमच्या घरी सवारी मानत नाहीत. माझ्या बापानं मले शिकवलं, असं काही बसवाचं नाही, त्याच्या पुढे झुकाचं नाही. काही मुसलमान करतात. मी नाही करत."

सगळी पोरं माझ्याकडे पाहायला लागली. मॅडम घाईनं म्हणाल्या, "वेगवेगळ्या घरी वेगवेगळी पद्धत असते, हो ना?" आणि घंटा वाजली.

बाहेर निंबाखाली हबीबभाई मला म्हणाले, "श्रावणभाऊ, बुरा मत मानो. मुलांसमोर खोटं बोललो असतो, तर दिवसभर उपाशी राहून काय फायदा?" मी म्हटलं, नाही नाही, बुरा कशाला. पण मला वाईट वाटलं होतं. इतक्या वर्षांची आपल्या घरची सेवा. आज्यानं केली, बाबांनी केली, आईनं ओसरी सारवली. मला वाटायचं, आपण त्यांच्या धर्माचा केवढा मान ठेवतो. आणि ज्याचा धर्म, तो माणूस माझ्यासमोर पोरांना सांगतो, हे आमचं नाही.

शुक्रवारी मी वांगी सेलूला नेली नाहीत, वर्ध्याला पाठवली. गोपिका म्हणाली, "वांग्यायनं काय केलं तुमचं?" वर्ध्याला भावही कमी मिळाला.

काल वाफ्याला पाणी लावून शेताच्या धुऱ्यावर बसलो असताना तुझा विचार आला. तुला राग आला, कारण आपलं पोर त्यांच्यासारखं वाकलं. मला राग आला, कारण आपण वाकतो ते त्यांनी आपलं म्हटलं नाही. राग दोघांना आला आणि दोघांनीही दार लावलं; तू फोन बंद केलास, मी आडत बदलली. मग मी तुला कोणत्या तोंडानं शहाणपण सांगू?

पण एक गोष्ट माझी पक्की झाली. हबीबभाई मला बरं वाटावं म्हणून बोलले असते, तर पोरं हबीबभाईंचा धर्म शिकली नसती. माझ्याच घरचा धर्म पुन्हा शिकली असती, त्यांच्या तोंडून. माणसाला सांगायला बोलावलं, की तो जे सांगेल ते ऐकावं लागतं. मंगळवारी माल सेलूलाच नेईन.

श्रावण


४ मे २०२५

हरिदास,

निकालाच्या दिवशी तू गुंजनला न्यायला आलास. गाडीवरून उतरला नाहीस. गोपिका चहा घेऊन आली, तर म्हणालास, "हॉटेलवाल्याले चाय पाजता का, वहिनी?" ती हसली, पण चहा तसाच परत नेला. जाताना म्हणालास, दाखला जूनमध्ये येऊन नेतो, हिंगणघाटच्या शाळेत नाव टाकलं आहे. गुंजननं मागे वळून पाहिलं ते तुला दिसलं नसेल. तिचं दप्तर इथंच खुंटीला आहे. गोपिका ते काढू देत नाही.

ठराव झाला. तुला हवा होता तो नाही, आणि मला जितका सोपा वाटला होता तितकाही सोपा नाही. मी म्हटलं, शाळेनं पोरांना सांगावं की कोण काय मानतं आणि का मानतं, जमेल तिथं त्या माणसाच्याच तोंडून. पण कोणत्याही पोराकडून कोणत्याही देवाची पूजा करवून घ्यायची नाही, खेळ म्हणूनही नाही. सगळे हो म्हणाले. मग रूपरावांनी विचारलं, "मंग सरस्वतीच्या फोटोले हार घालतो, पोट्टे हात जोडते, ते काय होय?"

मी म्हणणार होतो, ते वेगळं. तेवढ्यात जयवंताबाई बोलल्या. त्या समितीत आहेत, पण बैठकीत सही करून गप्प बसायच्या. म्हणाल्या, "वेगळं कसं, भाऊ? आम्ही बुद्धाचे लोक. माही पोरगी पहिलीपासून त्या फोटोपुढे हात न जोडता उभी रायते. तुमाले कोणाले दिसलं का?"

कुणाला दिसलं नव्हतं. मला तर नाहीच.

"आन् मुसलमान आनाले तुम्ही सेलूले गेले," त्या म्हणाल्या. "आम्ही गल्लीच्या त्या टोकाले रायतो. विहार आहे तिथी. आमाले कोणी इचारलं का, का बाई, तुमचं काय असते?"

रूपराव छताकडे पाहायला लागले. मी म्हटलं, "बाई, चुकलं." त्या म्हणाल्या, "चुकलं तं मले बलवा." शाळा उघडली की पहिल्याच महिन्यात त्या येणार आहेत. हाराचं असं ठरलं, ज्याला हात जोडायचे त्यानं जोडावे, ज्याला नाही त्याच्याकडे कुणी पाहू नये. माझ्या मनाला हे लवकर पचलं नाही, खोटं सांगत नाही. मला वाटतं, लेकरानं हात जोडावे. पण माझं लेकरू दुसऱ्याच्या देवापुढे वाकू नये असं मला वाटतं, तर जयवंताबाईंनाही तसंच वाटणार.

आता खरं लिहायचं ते. काल तुझ्या सुलोचनानं गोपिकेला फोन केला होता. तिला रागावू नको. तिनं सांगितलं, गुंजनचा तो व्हिडिओ तुझ्या हॉटेलात टेबलाटेबलावर वाजला. लोक चहा पिता पिता म्हणायचे, "हरिदासभाऊ, बोर्ड बदलता का आता हॉटेलचा?" आणि आपल्याच गावच्या कुणीतरी तिथं सांगितलं, "बाप बी लहानपनी फकीर झालता, पोरगी काऊन मागे राहीन?" सुलोचना म्हणते, तू सगळ्यांना चहा दिलास, पैसे घेतलेस, आणि मग मागच्या खोलीत जाऊन बसलास.

हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, तुला फक्त धर्माचा राग आहे.

तुझ्याआधीची दोन लेकरं जगली नाहीत, म्हणून आईनं सवारीला नवस बोलून तुला तिचा फकीर केलं होतं. दर मोहरमला तुझ्या गळ्यात रंगीत धाग्याची सैली, अंगात हिरवा सदरा, हातात झोळी. पाच घरं मागायला मी तुला घेऊन जायचो. शाळेत पोरं तुला "फकीर, फकीर" म्हणून चिडवायची आणि तू रडत यायचास. तू आईला विचारायचास, मलेच काऊन? ती म्हणायची, देवाचं असते, इचारू नाई. आपण कधीच विचारलं नाही. तुलाही कुणी काही न सांगता दुसऱ्याचे कपडे घातले होते, आणि लोक हसले होते. गुंजनला स्टेजवर पाहून तुला काय झालं असेल, ते मला आता थोडं कळतं.

श्रावण


२२ जून २०२५

हरिदास,

उद्या शाळा उघडते. दाखला तुला पाहिजे असेल तर सांग, मी अध्यक्ष म्हणून अडवणार नाही. हेडमास्तरांना सांगून ठेवलं आहे. पोरगी तुझी आहे, निर्णय तुझा. हे लिहायला मला दोन कागद फाडावे लागले.

मागच्या आठवड्यात मी हबीबभाईंकडे गेलो. माल नव्हता, नुसताच गेलो. म्हटलं, "तुम्ही सवारी मानत नाही, ते ठीक. पण मोहरमच्या दहाव्या दिवशी झालं काय होतं, ते मला सांगा. मी आयुष्यभर पंजा उचलला, मला माहीत नाही." त्यांनी हमालांना बाहेर पाठवलं, पंखा लावला आणि सांगितलं. तू ऐकलं आहेस का, मला ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

हुसेन हे त्यांच्या पैगंबरांच्या मुलीचे पुत्र. एका जुलमी राजाला मान द्यायला ते तयार झाले नाहीत. करबला नावाच्या ठिकाणी राजाच्या फौजेनं त्यांना अडवलं. सोबत बायका होत्या, लेकरं होती. जवळच नदी होती, पण पाणी बंद केलं. उन्हात, तहानेनं, दहाव्या दिवशी ते आणि त्यांची माणसं मारली गेली. तान्हं लेकरूसुद्धा. हबीबभाई सवारी मानत नाहीत, पण हे सांगताना दोनदा फोन वाजला, तो त्यांनी उचलला नाही. म्हणाले, "गम तो हमको भी है, भाऊ. तरीका अलग है."

मी विचारलं, "मग शरबत?"

ते म्हणाले, "तहानेचं आहे ना. जे तहानलेले गेले, त्यांच्या नावानं वाटतात."

हरिदास, आपल्या दारात दर साली आपण ड्रम भरून शरबत वाटलं. आई गूळ, सोप, मिरे कुटायची, आपण ग्लास विसळायचो. पण तहान कोणाची, ते आपल्या घरात कुणाला माहीत नव्हतं. हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर माझा देव बाटला असता का? मला तर उलट वाटलं, आपण इतकी वर्षं काही वाईट करत नव्हतो. तू झोळी घेऊन फिरलास तेही लाजेचं नव्हतं. ते न सांगता करायला लावलं, एवढंच चुकलं.

आता या वर्षीची गंमत. सवारी ठंडी करायचा दिवस आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली आहे, सहा जुलैला. मलिदा गव्हाच्या पोळीचा, आणि साऱ्या गावाचा उपास. गोपिका म्हणते, भगरीचा मलिदा करू. रूपराव म्हणतात, "साबुदान्याचा करा, दोन्ही देव खूश." शेवटी ठरलं, मलिदा नाहीच. फक्त शरबत. ते उपासाला चालतं.

त्या दिवशी गुंजनला पाठवशील? सुलोचनाबरोबर बसनं पाठव. सवारीला हात लावायला कुणी सांगणार नाही. ती विचारेल तेवढं सांगेन, माहीत असेल तेवढं, आणि जे माहीत नाही त्याला माहीत नाही म्हणेन. तुझ्या सैलीबद्दल विचारलं तर मात्र तिला तुझ्याकडेच पाठवीन. ती तुझी गोष्ट आहे.

श्रावण


७ जुलै २०२५

हरिदास,

काल तू येशील असं मला वाटलं नव्हतं. गुंजन सकाळी एकटीच बसनं उतरली तेव्हा मी समजलो, दिवसभरासाठी पाठवलं आहे.

तिनं आल्या आल्या विचारलं. मी ओसरीत बसून सांगितलं, हबीबभाईंनी मला सांगितलं तसं. ती म्हणाली, "मंग हे आपल्या घरी काऊन बसते?" मी म्हटलं, तुझ्या पणज्यानं बसवलं, का ते मला माहीत नाही. हबीबभाई म्हणतात हे त्यांचं नाही, तुझा बाप म्हणतो हे आपलं नाही. मला ते माझं वाटतं, म्हणून मी करतो. तुला वाटलं पाहिजे असं नाही. ती म्हणाली, "मी शरबत वाटू का? त्यात तं काही नाई ना?" मी म्हटलं, त्यात काही नाही.

दुपारभर ती ड्रमपाशी होती. जयवंताबाई आल्या, त्यांच्या पोरीनं हात जोडले नाहीत, दोन ग्लास प्यायली. मॅडम आल्या. पोरं पळत यायची, आणि गुंजन प्रत्येकाला ग्लास देताना थांबवून सांगायची, "आधी आयक, हे तहानेचं आहे." रूपराव म्हणाले, "अवो माय, मले तहान लागली म्हणूनच तं आलो!" तिनं त्यांनाही पूर्ण ऐकवलं, मगच ग्लास सोडला.

नाल्यावरून परत येताना मला तू दिसलास. आपल्या घरासमोरच्या रस्त्याच्या पलीकडे, गाडीवर, एक पाय खाली टेकवून. मी मुद्दाम पुढे आलो नाही. गुंजन ग्लास घेऊन तुझ्याकडे गेली. तुलाही तिनं थांबवलं. काय बोलली ते मला इतक्या दूर ऐकू आलं नाही. तू मान खाली घालून ऐकत होतास. मग तू काहीतरी बोललास, बराच वेळ, आणि बोलता बोलता गळ्यापाशी हात नेलास, जिथं सैली असायची. पोरगी हसली नाही. मग तू शरबत प्यालास.

ती शरबताचा डबा भरून घेऊन गेली, सुलोचनासाठी म्हणून. तू तो हँडलला अडकवलास. मला वाटलं, आता ती मागे बसेल. गोपिका दारात दप्तर घेऊन उभी होती, द्यायला. तू गाडी वळवलीस आणि एकटाच गेलास. गोपिकेनं दप्तर पुन्हा खुंटीला अडकवलं.

गुंजनला मी काही विचारलं नाही. आज सकाळी तिनं स्वतःच खुंटीवरून दप्तर काढलं, सहावीच्या वर्गात गेली. गोपिकेनं आज भात बरोबर रांधला. दाखल्याचं तू काही बोलला नाहीस, मीही काढत नाही. जयवंताबाई येत्या शनिवारी शाळेत येणार आहेत. मागचा बाक रिकामा असतो.

आणि डबा आपल्या आईचा आहे, झाकणावर तिचं नाव आहे, आनंदाबाई. सवडीनं आण. पण तू स्वतः आण, आणि रिकामा आणू नको. रिकामा डबा परत करत नाहीत, हे तिनंच शिकवलं आहे आपल्याला.

श्रावण